गुलाबी शिक्का

शिक्का गुलाबी आला.

महिपतराव गमऱ्यांनी कागद प्रिंटरमधून ओढून घेतला, खिडकीपाशी नेला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. अक्षरं काळी, ठसठशीत. तारीख आजची. खाली सही. आणि सहीशेजारी, जिथे सरकारी निळा गोल असायला हवा, तिथे लग्नपत्रिकेवर शोभेल असा गुलाबी गोल.

परवा तो फिकट निळा आला होता, काल जांभळट. काल रखमाबाईंनी कागद घेतला, पण बराच वेळ निरखून. आज काय होणार हे महिपतरावांना कळत होतं, तरी ते कागद घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. दुसरं करणार काय?

रखमाबाई पांढरी साडी नेसून, खांद्याला रेक्झिनची पिशवी अडकवून दाराशी उभ्या होत्या. त्यांनी कागद वाचला, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि परत दिला.

"हे चालत नाही. ओरिजिनल आणा."

"ओरिजिनलच आहे."

"मास्तर, मी खात्यात जन्म घालवलाय. बाजूला व्हा, बोट चुकेल माझी."

एसटीतल्या कंडक्टरला प्रवासी मास्तर म्हणतात. महिपतराव मुरूड डेपोत कंडक्टर होते, तेव्हा बायको त्यांना कधी मास्तर म्हणाली नव्हती. ती 'अहो' म्हणायची. आता ते तिच्या लेखी कोणीतरी खाकीतले ओळखीचे गृहस्थ होते, त्यांचं या घरात काय काम असतं हे तिला नीट ठाऊक नव्हतं, आणि विचारणं बरं दिसत नाही म्हणून ती विचारत नव्हती.

रखमाबाई आरोग्यसेविका होत्या. घर आगरदांड्याला, जेट्टीपासून हाकेवर, आणि नोकरी खाडीपलीकडच्या उपकेंद्रात. रोज सकाळी पहिली बोट, दिघीला उतरून पुढे चालत. पलीकडच्या गावांतली निम्मी पोरं त्यांच्या हातांत जन्मली. नवरा रात्रवस्तीच्या गाड्यांवर, बायको बोटीवर. संसार काय तो दोन ड्यूट्यांच्या मधे झाला, आणि झाला तो बरा झाला. महिपतराव मनाशी म्हणत, निवृत्तीनंतर एकत्र बसू, बोलू. निवृत्ती आली, ते बसले. थोडे दिवस बोललेही. मग आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं, शेजारणीचं नाव सापडेना, आणि एक दिवस नवराच सापडेना. डोक्यातून सगळं गेलं, ड्यूटी तेवढी राहिली. लोक म्हणतात आजारात माणसाचं प्रेम शिल्लक राहतं. राहत असेल कोणाचं. रखमाबाईंची हजेरी शिल्लक राहिली.

पावसाळा सरता सरता त्या एकदा नजर चुकवून जेट्टीवर गेल्या होत्या. ओहोटी होती. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ. पाय सरकला आणि त्या कमरेपर्यंत पाण्यात. बोटीवरच्या माणसांनी ओढून काढलं म्हणून वाचल्या. पनवेलहून लेक, प्रांजली, धावत आली आणि गुडघ्याची पट्टी बघून बापाला स्पष्ट म्हणाली, की पुन्हा असं झालं तर आई इथे राहणार नाही. तिकडे एक संस्था आहे, चांगली आहे, दारं बंद असतात. महिपतरावांनी मान हलवली होती. पण त्या रात्रीपासून त्यांना जेवण जात नव्हतं. रखमाबाई आपल्याला ओळखत नाहीत, पण घर ओळखतात. चुलीमागचा फणसाचा पाट ओळखतात. तिथे दारं बंद करून त्यांना काय ओळखायला देणार?

कागदाची युक्ती प्रांजलीचीच. आईशी वाद घालू नका, तिला सुट्टी द्या, असं अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग तिने आईच्या जुन्या बदलीच्या हुकमावरचा निळा शिक्का उचलून एक मजकूर बनवला: श्रीमती र. म. गमरे यांची आजची रजा मंजूर. घरी एक प्रिंटर आणून ठेवला, चार रंगांच्या चार टाक्यांचा, आणि बापाला तारीख बदलायला शिकवलं. रखमाबाईंनी पहिल्या दिवशी कागद वाचला, शिक्क्यावरून बोट फिरवलं, घडी करून पिशवीत ठेवला, साडी बदलली आणि तांदूळ निवडायला बसल्या. महिपतराव मोरीत जाऊन रडले.

तेव्हापासून रोज एक कागद. एकदा त्यांनी पुढच्या तारखांचे काढून ठेवले, तर तो गठ्ठा रखमाबाईंना सापडला. उद्याची रजा आज कशी मंजूर होते, हा घोटाळा आहे, म्हणून त्यांनी सगळे फाडले. काळा शिक्काही करून झाला. त्याला त्या झेरॉक्स म्हणतात. निळा हवा. सरकारी माणसाचा देव निळ्या शाईत असतो, त्यात रखमाबाईंचं डोकं कमी झालं म्हणून फरक पडला नव्हता.

महिपतरावांनी दाराला आतून कुलूप घातलं, चावी सदऱ्याच्या खिशात टाकली. स्वतःच्या घरात बायकोला कोंडताना माणसाचा हात कसा होतो, ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. रखमाबाईंनी कडी हलवून पाहिली आणि सभ्यपणे म्हणाल्या, "मास्तर, दार अडकलंय बहुतेक."

"बघतो हं," म्हणून ते प्रिंटरकडे पळाले.

प्रांजलीला फोन लावला. ती शाळेच्या रिक्षात होती. आई बरी आहे ना, हे तिने आधी विचारलं. ते म्हणाले, एकदम बरी, फक्त निळा येत नाही. दार वाजत होतं, म्हणून त्यांनी फोनवर तळहात धरला. प्रांजली म्हणाली, नोझल चेक काढा. काढला. काळ्या, पिवळ्या, गुलाबी रेघा शिस्तीत उभ्या, आणि निळ्याच्या जागी कोरा कागद, कडेला दोन अस्पष्ट ओरखडे. मग हेड क्लिनिंग करा. ते केलं. यंत्र घुरघुरलं, आत काहीतरी चोखल्यासारखं वाजलं, दिवा लुकलुकला आणि थांबला. पुन्हा नोझल चेक. आता ओरखडेही गेले.

"बाबा, शाई संपली असेल निळी."

"नाही गं. टाकी भरलेली आहे. बाहेरून दिसतेय की."

"मग परत एकदा क्लिनिंग. आणि नाहीच झालं, तर मुरूडला त्या दुकानात रंगीत काढून आणा ना."

दुकान उघडायला अजून अवकाश होता, पहिल्या बोटीला नव्हता. आणि जायचं कोणी? पण हे सांगितलं असतं तर पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं. ते बरं म्हणाले. परत क्लिनिंग, परत चेक, परत क्लिनिंग. प्रत्येक वेळी वाटे, आता येईल. प्रत्येक वेळी ती जागा आधीपेक्षा कोरी. या यंत्रांची हीच तऱ्हा. माणूस बिघडला तर निदान कुठे दुखतं ते सांगतो, हे नुसतं घुरघुरतं आणि वर दिवा लावून दाखवतं की मी ठीक आहे.

बाहेर आता दार वाजत नव्हतं, आपटत होतं. शेजारची ठमी, सकाळी ओल्या मासळीची टोपली भरून निघते ती, खिडकीशी येऊन उभी राहिली.

"भाऊ, सिस्टर आतून हाका मारतान. काय झाला?"

काही नाही, दार अडकलंय, असं महिपतरावांनी सांगितलं. ठमीने कुलपाकडे पाहिलं, त्यांच्या खिशाकडे पाहिलं. तिने टोपली खाली ठेवली.

"आज कागुद न्हाय काय?"

सगळ्या वाडीला कागद माहीत होता. महिपतरावांनी गुलाबी शिक्का तिला दाखवला.

"पेनानं काढा की."

तेही केलं. फुलपात्र उपडं ठेवून बॉलपेनने गोल मारला, आत अक्षरं कोरली. फुलपात्र मधेच सरकलं आणि गोलाला एका बाजूने पोट आलं. रखमाबाईंनी तो कागद पाहिला आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा बदलला. भीती आली त्यावर. "हे गुन्ह्याचं काम आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मला जाऊ द्या इथून." आणि दार सोडून त्या मागच्या खिडकीकडे निघाल्या, तिला गज नाहीत. तेवढ्यात जेट्टीवर बोटीने भोंगा दिला.

"ठमी, मागे जाऊन उभी राहा," महिपतराव ओरडले.

ठमी धावली. तिचा आवाज मागून येत राहिला, सिस्टर, जरा ही माझी बोटं बघा, काटा लागलाय. रखमाबाई थबकल्या. महिपतराव प्रिंटरवर वाकले आणि टाक्यांकडे, का कोण जाणे, पहिल्यांदाच नीट पाहिलं.

पिवळी अर्ध्यावर. गुलाबी अर्ध्याखाली. काळी तळाला. आणि निळी गळ्यापर्यंत, वरच्या खुणेच्याही वर.

रोज निळा शिक्का काढतोय. मग निळी भरलेली कशी?

त्यांनी झाकण उघडलं. बोट बुडवलं. पाण्यासारखं पातळ. वास ओळखीचा, धुण्याच्या दिवसाचा. ते मोरीत गेले. पांढऱ्या साड्यांना घालायची निळीची बाटली तिथे फळीवर होती, रिकामी, झाकण नीट लावलेलं. रखमाबाईंनी ड्यूटीच्या साड्या कधी धोब्याला दिल्या नाहीत. पौर्णिमेला विहारात जातानाही लोक त्यांच्या साडीकडे बघत, अशी नीळ त्यांच्या हाताची. कुठल्यातरी दुपारी त्यांना टाकीतलं निळं कमी झालेलं दिसलं असणार. कमी झालेलं भरून ठेवायचं, ही जन्माची सवय. आणि आपण क्लिनिंग करकरून, ती नीळ नळीतून पार आतपर्यंत ओढून घेतली.

ते बाहेर आले. रखमाबाई खिडकीतून ठमीचं बोट तपासत होत्या, आणि त्यांच्या नखांच्या कडा निळ्या होत्या. केव्हापासून असतील. रोज हाच हात आपण धरून जेवायला बसवतो, आणि दिसलं नाही.

"तू ओतलंस ना यात?" महिपतराव म्हणाले. "तूच. तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं, आणि तूच." आवाज चढत गेला, आणि हात वर गेला. खरंच गेला. संसारात कधी न उचललेला हात.

ठमी म्हणाली, "भाऊ."

हात तसाच राहिला, मग खाली आला, आणि त्याच्याबरोबर महिपतरावही. त्यांना भिंत धरायची होती, ती सापडली नाही. ते जमिनीवर बसले, पाय पसरून, लहान मुलासारखे. घाम फुटला होता. डोळ्यांपुढे प्रिंटरचा दिवा तेवढा लुकलुकत होता. आता चावी द्यावी, असं त्यांना वाटलं. जाऊ दे तिला. नाहीतर प्रांजलीला फोन करावा, म्हणावं ये आणि घेऊन जा. दोन्हींतलं काहीही करायचं तर उठावं लागलं असतं.

पांढरी साडी समोर येऊन खाली बसली.

"कधीपासून होतंय असं?"

त्यांनी बाहीने कपाळावरचा घाम पुसला.

"मास्तर, तुम्हाला विचारतेय. जेवलात का काल?"

"नाही."

"परवा?"

त्यांनी मान हलवली. रखमाबाईंनी त्यांचं मनगट घेतलं. निळ्या कडांची बोटं नाडीवर बसली ती बरोबर जागी बसली, चाचपावं लागलं नाही. त्या ओठ हलवत मोजत होत्या. जेट्टीवर बोटीने दुसरा भोंगा दिला. महिपतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही.

"सिस्टर, बोट निघाली ना तुमची," ठमी खिडकीतून म्हणाली. महिपतरावांना तिचा गळा धरावासा वाटला.

"जाऊ दे. इथे पेशंट आहे," रखमाबाई म्हणाल्या. "तू मीठ-साखरेचं पाणी कर. दार उघडा कुणीतरी, वारा येऊ दे."

महिपतरावांनी खिशातून चावी काढली आणि खिडकीकडे सरकवली. ठमी त्या बिनगजाच्या खिडकीतून आत शिरली आणि कुलूप काढून तिने दार उघडलं. सकाळचं ऊन सरळ आत आलं, रस्ता दिसला, रस्त्याच्या टोकाला जेट्टी दिसली. रखमाबाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी चटई अंथरली, महिपतरावांना आडवं केलं, पायांखाली उशी दिली आणि पिशवी मांडीवर घेऊन उघड्या दाराशी बसून राहिल्या.

"नाव?"

"महिपत."

"पूर्ण सांगा."

"महिपत गुणाजी गमरे."

आडनावाशी त्या क्षणभर थांबल्या. महिपतराव श्वास धरून पडले होते. मग त्या पुढे गेल्या.

"घरी कोण असतं?"

"बायको," ते म्हणाले.

"तिला सांगा, जेवण चुकवू द्यायचं नाही. तिचं लक्ष नाही तुमच्याकडे." त्यांनी कपाळावर हात ठेवून ताप बघितला. "आज मी बसते. उद्या सकाळी परत येऊन बघावं लागेल."

"या," महिपतराव म्हणाले. "मी इथेच असेन."