करार झाला, आता जा

"थांबा जरा, सर." मी गाडीला किल्ली लावली की फाटकावरचे पहारेकरी तळहात पुढे करत. रस्ता दोन्हीकडे बघत, मग बाजूला होत. केजच्या आमच्या कॉलेजसमोर रहदारी ती केवढीशी, तरी कुणालाही 'जा' म्हणताना मी त्यांना ऐकलं नाही. आम्ही प्राध्यापक हसायचो. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, तर हसण्याआधी हे ऐका.

ते मूळचे सिरसाळ्याकडचे. फौजेतून निवृत्त होऊन आमच्या फाटकावर पहाऱ्याला लागलेले. शांतिसेनेची निळी टोपी घालून दक्षिण सुदानला जाऊन आलेत, एवढंच ठाऊक होतं.

एकदा मी वर्गात त्याच देशाबद्दल शिकवलं. अगदी नवा देश, जमिनीखाली तेल, त्यावरून मोठ्या राष्ट्रांची ओढाताण, आपसातली लढाई, आणि बाहेरच्यांनी दबाव आणून घडवलेला करार. तास सुटला तर हे दाराशी उभे.

"सर, करार झाला की लोकांनी घरी जावं का?"

"परीक्षेला येत नाही हो तो प्रश्न."

"मला आलता," ते म्हणाले.

मी वरमलो. त्यांना चहाला नेलं, तेव्हा त्यांनी सांगितलं.

"लढाईतून पळालेली माणसं आमच्या तळावर ऱ्हायची. त्यात एक मास्तर. ताडपत्रीखाली पोरं शिकवायचे. त्यांचं अरबी कुराण अन् आमचं कुराण एकच की. तेवढ्यावर दोस्ती झाली. मग करार झाला. मोठ्या देशांचे साहेब झेंड्याच्या गाड्यांतून आले, हात मिळवून गेले. मास्तरनं मला इचारलं, घरी जाऊ का? मी म्हणलं, जा. आता मोठे देश मदी हायत."

मास्तर दोन मुलींना घेऊन गेले. काही महिन्यांत पुन्हा पेटलं. त्या बाजूची माणसं तळावर परतू लागली. हे रोज रांगेतला चेहरा न् चेहरा बघायचे. मास्तर आले नाहीत. मग यांची तुकडीच मायदेशी परतली.

"तुमच्या हातात काय होतं?" मी म्हणालो.

"काईच न्हाई. पण त्यांनी मला इचारलं ना, सर."

मास्तरांचा शोध घ्यायला संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीला इंग्रजीत पत्र लिहून द्याल का, असं त्यांनी विचारलं. मी लगेच हो म्हणालो. मग परीक्षा आल्या, पेपर आले, मुलीचं लग्न आलं. त्यांनी तगादा लावला नाही. समोर आलो की म्हणत, "सवडीनं, सर."

या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. पंधरा दिवसांनी त्यांच्या पत्नी गणवेश परत द्यायला कॉलेजात आल्या, तशा माझ्या टेबलापाशीही आल्या.

"सर, त्या मास्तरचं काही कळलं का? सरांनी लिवलंय म्हणायचे हे. लई खुश होते."

"उत्तर यायचंय," मी म्हणालो.

त्या वळल्या तसा मी कागद पुढे ओढला. पहिल्याच ओळीला अडलो आणि फाटकापर्यंत धावत गेलो.

"वहिनी, मास्तरांचं नाव काय होतं?"



"हे मास्तरच म्हणायचे," त्या म्हणाल्या. "तुमाला न्हाई सांगितलं का?"

मी विचारलंच नव्हतं.