लाल पेनाने तपासलेलं पत्र

सुनीताला ते लग्न नको होतं, हे मला लग्नाच्या तीन आठवडे आधी माहीत होतं. आजवर हे कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

नोकरीसाठी मी आमचं गाव हसनाबाद सोडलं त्या सकाळी वडील, म्हणजे अण्णा, आणि धाकटी बहीण सुनीता मला पोचवायला भोकरदनच्या स्टँडवर आल्ते. अण्णा म्हणाले, "तिकडं कुणाच्या मधात पडू नको. आपलं काम बराबर करायचं." सुनीता बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. इंग्रजीची मास्तरीण व्हायचं तिच्या डोक्यात होतं. बसची खिडकी धरून म्हणाली, "दादा, मी इंग्रजीत पत्र लिहीन. चुका काढून माघारी धाडत जाय. आन् हसायचं न्हाई, सांगून ठेवते."

पुण्यातल्या कंपनीत पहिल्याच आठवड्यात हसू माझंच झालं. 'आय अ‍ॅम हॅविंग वन सिस्टर' म्हणालो, तर टेबलाभोवतीची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मंग मी इंग्रजी असं घोटलं, की वर्षभरात दुसऱ्यांची पत्रं तपासायचं काम माझ्याकडे आलं. 'रिव्हर्ट बॅक' दिसलं की डोक्यात तिडीक जायची, 'कझिन ब्रदर' म्हणणारा माणूस मनातून उतरायचा. अजूनही उतरतो. आपल्याकडून गेलेल्या बऱ्याच जणांना हा रोग जडतो. ज्या चुकांपायी लोक आपल्याला हसले, त्याच आपण गावाकडच्या माणसांत शोधत बसतो.

सुनीताचं पत्र दर पंधरवड्याला यायचं. मी ते लाल पेनाने तपासून माघारी टाकायचो. उत्तर असं कधी लिहिलंच नाही. तळाशी चुकांचा आकडा, बस्स.

एका पत्रात तिने लिहिलं, 'आय अ‍ॅम नॉट वाँटिंग धिस मॅरेज. प्लीज डिस्कस अबाउट इट विथ अण्णा.' मला हे लग्न नको, अण्णांशी बोल. घरात कुणालाच इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून तिने ते इंग्रजीत लिहिलं, हे मला कळलं. बिलकुल कळलं. पण मी राहत होतो ती खोली नवऱ्या मुलाच्या काकांची होती. सोयरीक मोडली असती तर खोली गेली असती. मी 'अ‍ॅम नॉट वाँटिंग' खोडून 'डू नॉट वाँट' केलं, 'अबाउट' काढला, तळाशी 'दोन चुका, प्रगती चांगली' असं लिहिलं आणि पत्र पोस्टात टाकलं.

त्यानंतर तिचं पत्र आलं नाही. लग्नात मी पंगतीला बुंदी वाढली.

नवऱ्याने महिन्याभरात तिचं कॉलेज बंद केलं. आज ती लोकांच्या शेडनेटमध्ये बियाण्याच्या मिरचीचं काम करते. दिवसभर वाकून एकेका फुलाला हाताने पराग लावायचा. माझ्या मुलीच्या इंग्रजीचं कौतुक मी तिला फोनवर ऐकवतो. ती ऐकून घेते.

गेल्या भाऊबीजेला आम्ही सगळे हसनाबादला होतो. जेवताना अण्णा तिच्या चिरलेल्या बोटांकडे बघत म्हणाले, "माय, तवा एक शब्द बोलली असतीस, तर मी काय जबरदस्ती केली असती का?"

सुनीता माझ्या ताटात पोळी वाढत होती. म्हणाली, "जाऊ द्या अण्णा. माझं इंग्रजी कच्चं होतं तवा."

"आता ह्याच्यात इंग्रजी कुठून आलं?" अण्णा हसले.

मीही हसलो.

गाव सोडलेली माणसं घराची ओढ वाटते म्हणतात. मला घराची भीती वाटते. तिथे बहीण मला अजून पाटावर बसवून ओवाळते आणि अण्णांना मी गुणाचा वाटतो. अण्णा थकलेत, पण त्यांना ऐकू येतं, समजतं. सुनीताने सांगितलं होतं आणि मी ते तुमच्यापर्यंत येऊ दिलं नाही, हे तिच्या देखत त्यांना सांगायचं माझ्याकडे राहिलेलं आहे.