सवण्यातून बाहेर निघालेलं डोकं

हवा कुठून निसटते ते पाहायला मी खोलीत शिरलो आणि बायकोकडून बाहेरून दार लिंपून घेतलं.

आधी माझा हुद्दा सांगतो, म्हणजे मूर्खपणाची उंची कळेल. मी आमच्या गावच्या सोसायटीचा सचिव. दुष्काळात सोसायटीचं गोदाम कडब्यानं भरलेलं, म्हणून ज्वारीच्या बियाण्याची पोती मी माझ्या माळवदाच्या घरातल्या आतल्या खोलीत ठेवून घेतली. पाऊस पडला तर साऱ्या गावाची पेर याच पोत्यांवर होणार होती. आणि नेमके त्यांत सोंडे, म्हणजे धान्य पोखरणारे किडे, झाले.

चेरमननी बीडहून किडे मारायच्या विषारी वायूच्या गोळ्या टाकणारा माणूस सांगितला. तो दुसऱ्या दिवशी येणार होता. "खोली आधी तपासून ठेव," ते म्हणाले. "हवा निघाली तर सोंडे जगतील आन् शेजारी मरतील."

तपासायची रीत मी डोक्यातून काढली. भर उन्हात अंधाऱ्या खोलीत उभं राहायचं. जिथून उजेड येईल तिथून हवाही जाणार. सकाळीच माळवदावर चढून सवण्यावर, म्हणजे छताच्या उजेडाच्या भोकावर, फरशी ठेवून मी चिखल थापला होता. राहिलं दार. बायकोनं घागरीतलं उरलंसुरलं पाणी मातीत ओतलं, मला आत सोडलं, बाहेरून कडी लावली आणि फटी बुजवल्या.

आत मिट्ट काळोख. एक किरण नाही. मला स्वतःचाच अभिमान वाटला. "झालं, उघड," मी ओरडलो.

बाहेर बायकोच नव्हती. कारण दार लिंपून होतं न होतं तोच वेशीवर टँकरचा हॉर्न वाजला होता, आणि तो हॉर्न ऐकून आमच्या गावात बाळंतीणसुद्धा उठून पळते. नवरा काय, कुठं पळून जाणार होता? मी दार बडवलं, हाका मारल्या. आवाज बाहेर जाईना. खोली उत्तम बंद झाली होती, हे आता मला उजेडाशिवायही कळत होतं.

उकाड्यानं जीव कासावीस झाला. शेवटी पोत्यांवर चढलो आणि काठीनं सवण्याची फरशी ढोसली. सकाळी मन लावून थापलेला चिखल ढेकळांनी टाळक्यात पडला. फरशी सरकली आणि मी डोकं बाहेर काढलं.

खाली गल्लीपर्यंत टँकरच्या पाण्याची रांग आली होती. रांगेत चेरमन. सगळं गाव वर पाहू लागलं.

"काय रं," चेरमन म्हणाले, "हवा निघती का कुठून?"

"न्हाई. एकदम बंद हाय," मी माळवदावरून सांगितलं.

"मग तू कुठून निघालास बे?"

रांग हसली, पण चेरमन हसले नाहीत. "सवणं आजच बुजव. उद्या गोळीवाला परत गेला तर पेरायला काय, तुझं टाळकं घ्यायचं का?"

चिखलाला पाणी हवं. मी माळवदावरूनच रांगेकडं पाहिलं. ज्यानं त्यानं आपापल्या घागरीवर हात ठेवला. तेवढ्यात बायको भरलेली घागर घेऊन आली. तिनं दार खणलं, मला बाहेर काढलं आणि मातीचं आळं करून त्यात पाणी ओतायला लागली.

"अगं, प्यायचं पाणी ते," मी म्हणालो.

"प्यायचं येगळं ठिवलंय. ह्ये तुमच्या आंगुळीचं हाय," ती म्हणाली. "आठ दिस तसंच ऱ्हावा. तुमाला धुवून तरी काय निघणार हाय?"