जमादाराच्या भिंतीवरचं लेबल

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. आम्ही तेव्हा सोनाळ्याला राहत होतो. मी मुलींच्या शाळेत शिकवायची आणि माझे यजमान शेतकी खात्यात होते. कोरडवाहू गव्हाचं शिकायला सरकारनं त्यांना दहा महिने ऑस्ट्रेलियाला पाठवलं होतं. ते बोटीनं मुंबईला उतरले, रेल्वेनं शेगावला आले आणि तिथून एस.टी.नं घरी. ट्रंकेतले स्वेटर मी एकेक करून उलगडले, तर त्यांत गुंडाळलेल्या तीन बाटल्या निघाल्या.

मी आधी दाराला कडी लावली. मग विचारलं, "हे काय हो?"

"वाइन. द्राक्षाची. ज्या म्हाताऱ्याच्या घरी राहत होतो, त्यानं देल्ली. नाही म्हणता आलं नाही."

दारूबंदीचे दिवस होते ते. परमिटाशिवाय घरात बाटली सापडली की खटला, आणि खटला झाला की दोघांच्याही नोकऱ्या गेल्या. त्यात आमच्या स्वयंपाकघराची आणि शेजारच्या न्हाणीची भिंत एकच होती, आणि शेजारी राहत होते पोलीस चौकीचे जमादार. ते खाकरले तरी आम्हाला ऐकू यायचं. म्हणजे आमचंही त्यांना ऐकू जात असणार.

"आत्ताच्या आत्ता मोरीत ओता," मी म्हटलं.

"काऊन भेतं एवढं? आधी चित्र तर पाह्य," ते म्हणाले.

त्या म्हाताऱ्याची द्राक्षांची बाग लहान होती. बायको चित्रं काढायची आणि गावातल्या छापखान्यात ती छापून घ्यायची. दर वर्षीच्या वाइनला त्या वर्षी घरात जे घडलं त्याचं नाव. एका बाटलीवर कावळे बाकांवर ओळीनं बसलेले आणि पुढे फळ्याजवळ छडी घेतलेलं बुजगावणं. नाव 'कावळ्यांची शाळा'. त्या साली अर्धी बाग कावळ्यांनी खाल्ली, वाइन थोडी झाली, पण झाली ती फार दमदार. दुसरीवर पुरात अडकलेली घोडागाडी आणि तिच्या टपावर चढून बसलेली नवरी. तिचं नाव 'उशिरा आलेली नवरी'. ही त्यांची थोरली सून. तिसरीवर सायकल हातात धरून झाडाशी बोलणारा माणूस. तो 'आंधळा पोस्टमन'. मी हसले. आणि हसले म्हणून बाटल्या ओतायच्या राहिल्या. ज्वारीच्या कोठीत गेल्या.

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही 'कावळ्यांची शाळा' उघडली. बूच काढायचं हत्यार घरात नव्हतं. त्यांनी पळीच्या दांड्यानं ते आत ढकललं, आणि आवाज झाकायला मी खलबत्त्यात उगाचच शेंगदाणे कुटत बसले. चहाच्या कपांतून प्यालो. पहिला घोट नुसता तुरट. जांभळं खाल्ल्यावर जीभ जड होते तसं झालं. दुसऱ्या घोटाला मागून मिरीसारखा तिखटपणा आला, आणि गिळल्यावर विझलेल्या चुलीतल्या लाकडाचा वास नाकात राहिला. कप हातात धरून त्याच्याशी बोलत बसावं असं काहीतरी होतं ते. मला आवडलं. आवडलं हे कळल्यावर मी जास्त घाबरले. पलीकडे जमादारांच्या न्हाणीत बादली वाजली आणि माझ्या हातातला कप हिंदकळून लुगड्यावर डाग पडला. तो मी संध्याकाळपर्यंत लिंबानं घासत होते.

पंधरा दिवसांनी 'उशिरा आलेली नवरी' झाली. ती मऊ होती, पिकल्या बोरासारखी, आणि तिच्यात आंबटपणाही तसाच होता. यजमान त्या नवरीची गोष्ट सांगत होते. माझं निम्मं लक्ष दाराकडे होतं. दोन्ही बाटल्या फोडून त्यांनी काचा शेतातल्या खड्ड्यात पुरल्या. लेबलं मात्र मी पाण्यात भिजवून अलगद सोडवली. फेकवेनात. कपाटातल्या शब्दकोशात ठेवून दिली.

त्याच महिन्यात, बाजाराच्या दिवशी, मी शाळेतून येत होते. रस्त्यात गर्दी होती. मोहाची दारू गाळणाऱ्या एका बाईला पोलिसांनी पकडलं होतं आणि तिचंच मडकं तिच्या डोक्यावर देऊन बाजारातून चौकीकडे चालवलं होतं. पुढे आमचे जमादार. मडक्यातली दारू तिच्या कानावरून ओघळत होती. तिची मुलगी माझ्याच वर्गात होती. बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि सवयीनं म्हणाली, "रामराम, बाई." मी पदर तोंडावर धरला. तोंडाला अजून तो वास असेल अशी भीती वाटली, आणि वाइन पिऊन तर आठ दिवस झाले होते.

घरी येऊन शब्दकोश उघडला. दोन्ही लेबलं जाळायची होती. एकच सापडलं. कावळ्यांचं नव्हतं.

सगळं घर उलथंपालथं केलं. मग आठवलं, आदल्या दिवशी शब्दकोश तपासलेल्या वह्यांच्या ढिगावर उघडाच पडला होता. वह्या मुलींना देऊन झाल्या होत्या. सत्तेचाळीस मुली. त्यांच्यात जमादारांचीही एक.

दोन दिवस मी वर्गात मुलींच्या तोंडाकडे बघत होते. विचारायची हिंमत नव्हती. यजमान दौऱ्यावर. तिसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. जमादार होते, गणवेशात. खिशातून त्यांनी जपून एक कागद काढला. बाकांवर बसलेले कावळे.

"बाई, मले इंग्रजी येत नाही. काय लिहेल हाय याच्यावर?"

दाराची चौकट धरून म्हटलं, "कावळ्यांची शाळा."

"आन खाली बारीक अक्षरात?"

खाली स्वच्छ लिहिलं होतं, लाल वाइन. "लाल द्राक्षांचा रस," मी म्हटलं. "परदेशातल्या बागेचं चित्र आहे. ह्यांनी आणलं."

त्यांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली. मग म्हणाले, "माही पोरगी म्हणते, बाईनं बक्षीस देल्लं. वहीत होतं म्हणते. खरं सांगा बाई, तुमी देल्लं, का तिनं उचललं? उचललं असंन तर आज तिचा हात मोडतो."

ते ह्यासाठी आले होते. मी दिलं नाही म्हटलं असतं, तर कागद परत माझ्या हातात आला असता आणि चुलीत गेला असता. मागे त्यांच्या ओट्यावर मुलगी उभी होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"मीच दिलं. पाढे चांगले म्हणते ती," मी म्हटलं.

जमादारांनी कागद पुन्हा खिशात ठेवला. हळदीकुंकवाला त्यांच्या घरी गेले तेव्हा तो भिंतीवर होता, देवाच्या तसबिरीशेजारी, चारी कोपऱ्यांना खळ लावून चिकटवलेला. मी मुलीच्या आईशी बोलत होते आणि डोळे सारखे भिंतीकडे जात होते.

पुढच्या महिन्यात तालुक्याचे फौजदार तपासणीला आले आणि जमादारांकडे चहाला थांबले. ते इंग्रजी शिकलेले. मी भिंतीला कान लावून बसले. शब्द कळले नाहीत. संध्याकाळी जमादारीणबाई पाणी भरताना म्हणाल्या, "साहेबायनं तुमचं चित्र लई वेळ पाह्यलं. कोठून आणलं म्हणे. आमी सांगतलं, बाईनं देल्लं."

"मग?"

"मंग हासले. म्हणे, चांगल्या मास्तरीण दिसतात."

त्या रात्री आणि पुढच्या कितीतरी रात्री मला झोप नाही. बाहेर बूट वाजले की उठून बसायची. कोणी आलं नाही. आमच्या दारात कधीच कोणी आलं नाही. मडकेवाल्या बाईला मात्र शिक्षा झाली, आणि तिची मुलगी लहान भाऊ सांभाळायला घरी बसली. मी तिच्या झोपडीपर्यंत दोनदा गेले. दुसऱ्यांदा गेल्यावर मात्र ती भावाला कडेवर घेऊनच वर्गात आली. हेडमास्तरीणबाई रागावल्या, तरी मी तिला बसू दिलं.

'आंधळा पोस्टमन' आम्ही दिवाळीत काढला. उन्हाळाभर कोठीत तापून, आंबून त्याचा आंबटढाण सिरका झाला होता. यजमानांनी एक घोट तोंडात धरून पाहिला, मोरीत थुंकला आणि बाटली घरामागच्या खड्ड्यात उपडी केली. त्यांना वाईट वाटलं. मला आधी सुटल्यासारखं वाटलं, मग वाईट.

म्हाताऱ्याला आभाराचं पत्र लिहायचं राहिलं होतं. यजमान लिहायला बसले आणि मी शेजारी. टपाल कोणी फोडलं तर, म्हणून वाइन हा शब्द मी त्यांना लिहू दिला नाही. शेवटी पत्रात इतकंच गेलं, की तुमच्या पत्नीची तिन्ही चित्रं फार आवडली, त्यातलं कावळ्यांचं इथल्या एका विद्यार्थिनीनं घराच्या भिंतीवर लावलंय, आणि सून आता वेळेवर येते का?