मंडळ येतं त्या दिवशीचा गारवा

आमच्या दादाच्या पायाला भिंगरी आहे. आमच्या संस्थेतल्या महासंगणकाच्या खोलीतली थंड हवा तो सांभाळतो, आणि गेली चार वर्षं धड बसलेला नाही. जेवतानाही एक घास खातो आणि फोनवर खोलीचं तापमान बघतो. वहिनी म्हणते, "मला ताप आला तर यांना पत्ता लागायचा नाही." थंड करणारं यंत्र जुनं होऊन पार खिळखिळं झालंय. ते बंद पडलं की अर्ध्या तासात खोलीची भट्टी होईल, शास्त्रज्ञांची महिनोन्‌महिने चाललेली गणितं वाया जातील आणि खापर फुटेल दादाच्या डोक्यावर.

नवं यंत्र मिळायचं तर सल्लागार मंडळाची शिफारस हवी. मंडळ म्हणजे बाहेरची पाच विद्वान माणसं. हुकूम सोडायचा अधिकार त्यांना नाही, नुसता सल्ला देतात. पण त्यांनी लिहून दिल्याशिवाय आमचे संचालक साधा पंखासुद्धा मागत नाहीत. बैठकीचं इतिवृत्त मी लिहिते, म्हणून मला सगळं माहीत.

आता गंमत ऐका. मंडळ यायचं त्या दिवशी सकाळपासून महासंगणकाचं निम्मं काम बंद ठेवायची आमच्याकडे पद्धत आहे. काम कमी म्हणजे खोली गार; पाहुण्यांना घाम फुटायला नको ना! आणि हे करतो कोण, तर दादाच. मग मंडळ दरवर्षी लिहितं, थंडाव्याची व्यवस्था उत्तम. तूच तुझ्या पायावर धोंडा पाडून घेतोस, हे मी त्याला शंभरदा सांगितलं.

यंदा पुढच्या तीन वर्षांची खरेदी ठरायची होती. मंडळाच्या अध्यक्ष, पिकल्या केसांच्या प्राध्यापक बाई, खोलीत थांबल्या आणि त्यांनी थेट दादालाच विचारलं, "नेहमी इतकंच गार असतं?"

मागे संचालक उभे होते. दादा म्हणाला, "हो, नेहमीच."

मला असा संताप आला म्हणून सांगू!

जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या टेबलाशी आला. "काय लिहिलंस?"

"तू बोललास तेच. आता बस तीन वर्षं."

तो तडक खोलीकडे गेला. बैठक पुन्हा सुरू झाल्यावर दार ढकलून सरळ आत आला. "बाई, सकाळी मी खोटं बोललो. निम्मं काम बंद ठेवलं होतं. आता सगळं चालू केलंय. या बघायला."

संचालकांचा चेहरा उतरला. बाई मात्र उठल्या, आणि मागोमाग आम्ही सगळे. खोलीत पाय ठेवताच त्यांच्या कपाळावर घाम आला, आणि धोक्याची घंटा वाजायला लागली.

"दरवर्षी असंच करता?"

"हो."

"का पण?"

"तुम्ही वर्षातून एकदा येता. माझ्या खोलीला कुणी नावं ठेवू नयेत, असं वाटतं."

बाई माझ्याकडे वळल्या. "नव्या यंत्राची शिफारस लिहा. आणि खाली हेही लिहा, की चार वर्षं मंडळ इथे आलं आणि जे दाखवलं तेवढंच बघून गेलं."

संचालक माझ्याकडे बघत होते. मी लिहिलं.