व्हॉल्व्हचा डबा आणि पंपांची लाइट

वाटणीत मोठ्या भावाला धुळ्याजवळचं घर आणि शेत मिळालं. मला वडिलांचा व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या काचेच्या नळ्यांचा, ॲम्प्लिफायर. "तुले हौस शे ना, ली ले," म्हणत त्याने तो माझ्याकडे सरकवला. मी जळगावला आलो, घासाघीस करत जुन्या सामानाचं दुकान उभं केलं. ते वाक्य मात्र घशाखाली उतरलं नाही.

ॲम्प्लिफायर गोड वाजायचा. पण गावी नेला की संध्याकाळी शेतीपंपांना लाइट यायची, व्होल्टेज पडायचं आणि गाणं घोगरं व्हायचं. "तुना डबाले ताप उना," भाऊ हसायचा.

पुतणीने आपल्या लग्नाच्या हळदीला आजोबांच्या डब्यावरचीच गाणी मागितली. भाऊ पुन्हा हसला. मी तापलो आणि भावकीसमोर बोलून बसलो, "आज घोगरला तर माझ्या हाताने भंगारात टाकतो!"

बोललो ते उगाच नाही. त्यातली व्हॉल्व्हची एक जोडी करंट वाटून घेते. एकाने जास्त घेतला की दुसऱ्याला तेवढा कमी. पूर्वी या जोडीच्या वाटेत साधा रेझिस्टर होता, त्यामुळे व्होल्टेज पडलं की दोघांचाही करंट पडायचा. मी त्याजागी दोन ट्रान्झिस्टरांचं सर्किट बसवलं होतं. व्होल्टेज वरखाली झालं तरी ते ठरवून दिलेला करंट ढळू देत नाही. दुकानात आवाज असा खुलला, की मी त्यातला स्क्रू फिरवून करंट वाढवतच गेलो. सौद्यात मी समोरच्याकडे काही शिल्लक ठेवत नाही, इथेही ठेवलं नाही.

हळद लागली, गाणी सुरू झाली. मग शेतात पंप सुरू झाले आणि मांडवात आवाज फाटला. आधी नुसता घोगरा व्हायचा, आता चक्क फाटला.

"बलावू का भंगारवाला?" भाऊ खुर्चीवरूनच ओरडला.

"तू गप्प बस, भाऊ!"

कानशिलं तापली होती, पण चूक कळली. एवढा करंट चालवायचा तर व्होल्टेजमध्ये थोडी मोकळी जागा लागते, ते पडलं तरी पुरेल अशी. मी सगळी ओरबाडून घेतली होती. आत शॉक मारणारं व्होल्टेज, म्हणून डावा हात पाठीमागे धरला, उजव्या हाताने प्लास्टिकचा स्क्रूड्रायव्हर आत घातला आणि करंट हळूहळू उतरवत आणला. एका जागी गाणाऱ्या बाईचा आवाज असा स्वच्छ झाला, जणू तिने घसा साफ केला. मी आणखी थोडा उतरवला आणि हात काढला.

पंप चालू, गाणं चालू. पुतणी हळदीच्या हातांनीच टाळ्या पिटत होती.

भाऊ खुर्ची उचलून डब्याजवळ येऊन बसला. दोन गाणी ऐकली. मग हळूच म्हणाला, "मले देस का हाऊ?"

आयुष्यात कुणी 'देतो का' विचारलं आणि मी भाव सांगितला नाही, असं झालं नव्हतं.

"नाही," म्हटलं आणि जेवायला उठलो. वाटणीनंतर त्या घरात पहिल्यांदाच पोटभर जेवलो.