थेंबूचं हसू

असोद्यात अक्काच्या ओसरीवर पाऊल ठेवलं तेव्हा वैशाखातली दुपार उतरणीला लागली होती. कोपऱ्यात पोत्याखाली पिकत ठेवलेल्या केळीच्या घडाचा जड, मधाळ, किंचित आंबूस गंध उन्हाच्या झळांबरोबर घरभर हिंडत होता. त्या गंधाची मला जुनी सवय. पण त्या दिवशी त्याच्या तळाशी आणखी एक वास होता, ओला, गोडसर आणि कुजका. मी प्रथम घडावरच संशय घेतला, पोतं उचलून एकेक फणी हुंगून पाहिली. केळी चांगली होती. वास अक्काच्या पायाला येत होता.

अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. सारं घर तिला अक्का म्हणे, म्हणून मीही. जळगावला कॉलेजात असताना तीन वर्षं मी तिच्याकडे राहिले. तिनं पहाटे थापलेल्या कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या भाकरीची ऊब डब्यात दुपारपर्यंत टिकत असे. पुढे तिचे यजमान गेले, मुलगा सुरतेला स्थिरावला, तरी केळीच्या मळ्यातली तिची रोजची फेरी चुकली नाही. साखरेचा आजार तिला बऱ्याच वर्षांपासून होता आणि त्याविषयी ती, लग्नात मिरवायला येणाऱ्या एखाद्या लांबच्या नातेवाइकाविषयी बोलावं, तशी अनिच्छेनं बोले.

मी धुळ्याला, देवपुरात राहते आणि घरूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. मोबाईलच्या पडद्यावर कोणती गोष्ट कुठे असावी, कोणता रंग डोळ्यांना सुखवेल, कोणतं बटण थरथरत्या बोटालाही सहज सापडेल, हे ठरवणं हा माझा व्यवसाय. मधुमेहींसाठी ॲप करायचं ठरलं तेव्हा आम्हाला एकच सूचना मिळाली होती: वापरणाऱ्याला आपण आजारी आहोत असं वाटता कामा नये. मी थेंबू काढला. रक्ताचा एक गोलमटोल थेंब, टपोऱ्या डोळ्यांचा, गुलाबी गालांचा. साखरेचा आकडा आटोक्यात असला की तो हसे आणि पडद्यावर मोगऱ्याची फुलं बरसत. आकडा चढला की त्याचा ओठ खाली वळे आणि डोळ्यांतून निळं पाणी ओघळे. त्या ओठाची वळणरेषा जमावी म्हणून मी आठवडाभर खपले होते, आणि जमली तेव्हा मला माझाच अभिमान वाटला होता. आता ते आठवलं की तोंडात गुळचट थुंकी जमते.

पहिली आवृत्ती मी अक्काच्याच मोबाईलमध्ये घालून दिली. साखर मोजायचं यंत्र तिच्याकडे होतंच. रोज सकाळी ती बोट टोचून आकडा पाही, मोबाईलमध्ये घाली, आणि देवपुरात चहा पिता पिता तो मला दिसे. एकशे अठरा, एकशे बावीस, एकशे वीस. महिन्याभरात त्यांचा असा सुरेख, संथ आलेख झाला की मी तो बैठकीत सर्वांना दाखवला. एका खेड्यातली, सातवी शिकलेली वृद्ध स्त्री, मी म्हणाले, आपल्या आजाराची धुरा स्वतः सांभाळते आहे. पडद्यावरच्या चौकटींमधून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमचे प्रमुख म्हणाले, हीच आपली खरी जाहिरात.

तो आलेख बरोबर घेऊनच मी त्या दुपारी असोद्याला आले होते. ॲप वापरतानाचा तिचा एक छोटा व्हिडिओ कंपनीला हवा होता.

अक्कानं पायाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली होती आणि पाय पदराखाली ओढून घेत ती म्हणाली, "काही नाही व, फोड हाये साधा. दुखत बी नाही." मी हट्टानं चिंधी सोडवली. शेवटचा वेढा कातडीला चिकटला होता. तो सुटताना पुवाचा एक पिवळा-हिरवा तंतू लांबत गेला, आणि करंगळी नि तिच्या शेजारच्या बोटाच्या बुडाशी जे काळं, ओलं भगदाड दिसलं त्याकडे मी दोन क्षणसुद्धा पाहू शकले नाही. उठून मोरीत गेले आणि दुपारचं सगळं जेवण ओकले. बाहेर येईपर्यंत अक्कानं पाय पुन्हा झाकला होता. तिच्या चेहऱ्यावर वेदना नव्हती. चारचौघांत उघडं पडल्याची शरम होती.

चैत्रात ती देवीच्या दर्शनाला अनवाणी गेली होती. फरशी तापलेली होती, बायका पाय उचलून उचलून चालत होत्या, आणि अक्का मात्र संथपणे प्रदक्षिणा घालत राहिली, कारण तिच्या तळव्यांना काही कळतच नव्हतं. फोड तिला आठ दिवसांनी दिसला.

"पण तुझी साखर तर एकशेवीस असते," मी म्हणाले.

"मशीन अडीचशेच्या खाली येतच नाही."

"मग मोबाईलमध्ये?"

"जास्त टाकलं का ते लेकरू रडतं. अन् तू केलेलं हाये ते. मले वाटलं, तुले तिकडे बोलणं बसीन."

"आणि पायाचं का नाही सांगितलंस?"

"पायाचं त्यानं कधी इचारलंच नाही."

ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. मोबाईल उशाशीच होता. मी तो उघडला. थेंबू हसत होता, फुलं पडत होती, आणि त्या ओसरीवरच्या वासात ती पांढरीशुभ्र फुलं मला इतकी ओंगळ वाटली की पायावरची जखमही त्यांच्यापुढे स्वच्छ भासली. जखम निदान खोटं बोलत नव्हती.

रिक्षा करून मी तिला लगेच जळगावला नेलं. डॉक्टरीणबाईंनी जखमेत सळई घालून खोली पाहिली आणि दोन बोटं काढावी लागतील असं सांगितलं. "यांना दुखत नाही," त्या मला म्हणाल्या, "म्हणून कुणीतरी रोज डोळ्यांनी पाहायला हवं होतं." मी रोज पाहत होते, हे त्यांना सांगण्याची माझी छाती झाली नाही.

शस्त्रक्रियेनंतर अक्काला मी देवपूरला आणलं. जखम बांधायला शिकले. आरंभी नाकावरून ओढणी घट्ट बांधून बसत असे; अक्का त्या वेळी पायाकडे न पाहता माझ्या तोंडाकडे पाही. एके दिवशी ओढणी बांधायची राहून गेली. कडा कालच्यापेक्षा गुलाबी दिसत होत्या, आणि ते सांगायला मी मान वर केली तेव्हा ध्यानात आलं की बराच वेळ मी त्या खड्ड्यावर, बोटभर अंतरावर, वाकलेली होते. किळस गेली होती असं नाही. ती होतीच, पण तिच्यामागून काहीतरी दिसू लागलं होतं.

त्या आठवड्यात मी बैठकीत दोन गोष्टी मागितल्या. थेंबू काढून टाकावा, आणि रोज संध्याकाळी एक साधा प्रश्न यावा: आज तळपाय पाहिले का? सोबत जखम सुरुवातीला कशी दिसते त्याचं खरंखुरं चित्र. प्रमुखांनी शांतपणे ऐकून घेतलं. "लोकांना किळस येईल," ते म्हणाले. "कुणी जेवताना उघडलं तर? ॲपच काढून टाकतील." मग त्यांना एक कल्पना सुचली: थेंबूलाच इवलासा पाय काढून त्याला एक छोटी पट्टी बांधायची, गोंडस दिसेल.

अक्का शेजारच्या खोलीत होती, दार उघडं होतं. मी म्हणाले की ते पट्टीचं चित्र मी काढणार नाही. त्यांनी ते दुसऱ्या कुणाकडून काढून घेतलं. माझा प्रश्न राहिला, पण ॲपच्या इतक्या आत, इतक्या पायऱ्या उतरून, की तिथवर केवळ त्याच्या शोधात निघालेला माणूसच पोहोचावा. यानंतर नोकरी सोडली असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. सोडली नाही. महिनाअखेरीला पगार जमा होतो आणि त्या दिवशी मला स्वतःची जी शिसारी येते ती दोन-तीन दिवसांत ओसरते, हे तिच्याहून वाईट.

पोळा जवळ आला तशी अक्का असोद्याला परतली. ॲप तिच्या मोबाईलमधून मी काढून टाकलं. संध्याकाळी दिवे लागायच्या आधी, उजेड असतो तोवर, ती मला व्हिडिओ कॉल करते, मोबाईल पाटाला टेकवून ठेवते आणि एकेक तळवा समोर धरते. मी टाचेपासून बोटांपर्यंत पाहते, उरलेल्या बोटांच्या बेचक्या ती हातानं फाकवते. यंत्रातला आकडाही खरा सांगते. कधी दोनशे, कधी त्याहून वर. आम्ही दोघीही त्यावर रडत नाही. औषध बदलायला डॉक्टरीणबाईंकडे जातो.

परवा असंच पाहून झाल्यावर ती म्हणाली, "आता तुहा दाखव."

"मला काय झालंय, अक्का?"

"मले बी काही झालं नव्हतं."

मला संकोच वाटला. दिवसभर बसून सुजलेले, भेगाळलेले माझे तळवे मी स्वतःही कधी नीट पाहिलेले नव्हते. ते दाखवायचे म्हणताच अंगावर एक ओशाळा काटा आला. तरी खुर्ची मागे सरकवून मी पाय उचलला आणि मोबाईलसमोर धरला. अक्कानं चष्मा लावला, पडद्याजवळ आली. टाचेपासून बोटांपर्यंत सावकाश पाहत राहिली. तिला काय दिसत होतं ते मला दिसत नव्हतं. मला दिसत होता फक्त तिचा चेहरा, आणि तो तिनं वळवला नव्हता.